मोजायला दोघं बसा

रविवारची उपासना आटोपली की दानाच्या थैल्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या कामाच्या खोलीत, जातात. पुढची वीस-पंचवीस मिनिटं त्या खोलीत काय चालतं, यावरून मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या, सचोटीची जेवढी पारख होते तेवढी तासाभराच्या संदेशावरून होत नाही. चर्च मिशनरी सोसायटीनं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वसवलेल्या नाशिकच्या शरणपूरची जुनी मंडळी घ्या, नाशिकरोडची घ्या, नाहीतर सातपूर-अंबडकडे भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी वीस-पंचवीस घरांची संगती घ्या. घोळ सगळीकडे त्याच त्या जागी होतात.

ख्रिस्ती माणसानं प्रामाणिक असावं हे संडे स्कूलपासून ऐकलेलं असतं, त्यावर आणखी एक भाषण नको. इथं म्हणायचंय ते एवढंच, की प्रामाणिक माणूस आपल्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस स्वतःहून मागून घेतो. "आपलीच माणसं आहेत, विश्वास आहे आमचा" हे वाक्य ज्या कमिटीत वरचेवर ऐकू येतं, तिथलं पावतीपुस्तक एकदा बघायला मागा.

चेहऱ्यावरून काही कळत नाही. येशूला धरून देणाऱ्या त्याच्याच शिष्याजवळ, यहूदा इस्कर्योताजवळ, पैशांची थैली होती आणि तो त्यातलं काढून घेत असे, हे बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. पण ते मागाहून लिहिलेलं. १३व्या अध्यायात तो भोजनावरून उठून बाहेर पडतो, तेव्हा बाकीच्यांना वाटतं की सणासाठी काही आणायला किंवा गरिबांना काही द्यायला निघाला असेल. सोबत राहिलेल्या, सोबत जेवलेल्या माणसांना शेवटच्या रात्रीपर्यंत शंका आली नाही. मग महिन्यातून चार रविवार भेटणाऱ्या आपल्याला खजिनदाराच्या तोंडाकडे बघून काय कळणार?

हिशोबाचा विषय निघाला की एक वचन हमखास पुढे केलं जातं. २ राजे, १२वा अध्याय, १५वी ओवी: मंदिराच्या दुरुस्तीवर नेमलेल्या माणसांकडून हिशोब मागत नसत, कारण ती सचोटीनं वागत. झालं, म्हणजे देवाच्या कामाचा हिशोब मागणं हा अविश्वास! पण त्याच अध्यायात आठ-नऊ ओव्या मागे जा. योआश राजाच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत याजक पैसे घेत होते आणि मंदिराची पडझड तशीच होती. म्हणून राजानं त्यांच्याकडून ते काम काढलं. यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ, मंदिरात शिरताना उजव्या हाताला ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत, थैल्यांत बांधत आणि मगच कामावरच्या मुकादमांच्या हाती देत. एक माणूस राजवाड्याचा, एक मंदिराचा. एवढी मोजणी आधी होत होती म्हणून पुढचा विश्वास शक्य झाला. पेटी आणि दोन मोजणारे गाळून नुसती १५वी ओवी वाचणं हा वचनाचा गैरवापर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एज्राच्या ८व्या अध्यायातही हेच. बाबेलहून निघताना ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी बारा याजकांच्या हवाली तोलून दिली. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी तीच पुन्हा तोलली आणि वजन लिहून ठेवलं. पौलानं यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत गोळा केली, तेव्हा तिच्यासोबत जायला मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला आणि कारणही सांगितलं: या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये, आणि देवाबरोबर माणसांपुढेही जे योग्य ते करावं (२ करिंथ ८). प्रेषित असून तो "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणाला नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. मोजणारे किमान दोन, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नकोत. नवरा-बायको, बापलेक, मेहुणे अशी जोडी चालत नाही. कागदावर दोन सह्या दिसतात, नजर एकच असते. दोघांतला एक कमिटीबाहेरचा असला तर उत्तम. खजिनदार स्वतः मोजायला बसत नाही, कारण तो पुढे रोजकीर्द लिहिणार आहे. पाळकानं तर त्या टेबलापासून लांबच राहावं. जोडी दर महिन्याला बदला.

थैली टेबलावर पूर्ण उलटी करा आणि शिवणीत काही अडकलं नाही ना ते आत हात घालून बघा. नोटा आधी लावून घ्यायच्या: ५००, २००, १००, ५०, २०, १०, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. प्रत्येक गड्डी एकानं मोजली की दुसऱ्यानं, पहिल्याचा आकडा न ऐकता, पुन्हा मोजायची. आकडा ऐकला की हात तिथंच जाऊन थांबतो. मग नोटांचा तपशील लिहायचा: ५०० × ११ = ५,५००; २०० × ७ = १,४००; १०० × ३६ = ३,६००; ५० × २८ = १,४००; २० × ४१ = ८२०; १० × ६३ = ६३०; नाणी १४७; एकूण १३,४९७, अक्षरी तेरा हजार चारशे सत्त्याण्णव. पेन्सिल नको, पेन. पैसे टेबलावरून उचलायच्या आधी दोघांच्या सह्या, आणि कार्बन घालून तीन प्रती: एक खजिनदाराला, एक वॉर्डनकडच्या (चर्चची व्यवस्था बघणाऱ्याकडच्या) फाइलला, एक मोजणाऱ्यांकडे. नोटा छापणाऱ्या कारखान्याच्या गावात राहणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणून दिलेल्या दानाची, पाकिटं वेगळी उघडायची. पाकिटावर १,००० लिहिलंय आणि आत ९०० निघाले, तर त्याच पाकिटावर "आत ९००" असं लिहून दोघांनी सही करायची आणि पाकीट जपून ठेवायचं. देणाऱ्याला त्याच आठवड्यात कळवायचं. "विसरले असतील बिचारे" म्हणून आपल्या खिशातले शंभर घालायचे नाहीत. हे दिसायला भलेपणाचं दिसतं, पण जो गुपचूप भर घालतो त्याला गुपचूप काढायलाही पुढे जड जात नाही. दोन्ही वेळा कागद खोटाच बोलतो. बँकेत एखादी नोट नकली निघाली तरी तेच. बँक ती जप्त करते आणि पोच देते, रक्कम जमा होत नाही. ती पोच व्हाउचरला लावा आणि तूट तूट म्हणूनच दाखवा.

पैसे सोमवारी बँकेत, आणि सगळेच्या सगळे. फुलवाला, साउंडवाला, चहा यांचे पैसे थैलीतूनच देऊन उरलेले भरायचे ही सवय फार मंडळ्यांत आहे. त्यात जमाही कमी दिसते आणि खर्चही कुठंच दिसत नाही. किरकोळ खर्चासाठी चेकनं काढलेले, समजा, ३,००० रुपये हातखर्च म्हणून एकाकडे ठेवा. व्हाउचर २,१८५ चे झाले की २,१८५ च पुन्हा द्या. हातातली रोख आणि व्हाउचर मिळून केव्हाही ३,००० भरले पाहिजेत. मध्येच एखाद्या बुधवारी जाऊन तपासता येतं.

गडबड सुरू कशी होते ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. कुणीही खजिनदार पहिल्या दिवशी चोरी करायला बसत नाही. पगार लांबतो, मुलाची फी भरायची असते, रविवारचे पैसे घरात कपाटात असतात. दोन हजार "सात तारखेपर्यंत" घेतले जातात आणि सात तारखेला परतही ठेवले जातात. तिथंच घात होतो, कारण काहीच बिघडलं नाही असं वाटतं. पुढच्या खेपेला पाच हजार, मग या रविवारचे पैसे मागच्या रविवारच्या नावानं भरले जातात. पकडायला सी.ए. लागत नाही. मोजणीच्या स्लिपा आणि पासबुक शेजारी ठेवा. स्लिपवर १३,४९७ आणि पासबुकात १३,००० असं दिसलं, किंवा रविवार ते भरणा यांतलं अंतर दोन दिवसांवरून दहा-बारा दिवसांवर गेलं, तर त्याच आठवड्यात विचारा. सह्या करून ठेवलेले कोरे चेक कपाटात सापडले तर दोन सह्यांचा नियम मेलाच म्हणायचा.

क्यूआर कोडमुळे मोजणी सोपी झाली खरी, पण दारावर चिकटवलेला कोड कुणाच्या खात्याचा? एक रुपया पाठवायला घ्या, पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव दिसतं. ते मंडळीच्या ट्रस्टचं नसून पाळकांचं किंवा सेक्रेटरींच्या मुलाचं असेल, तर "नंतर ट्रान्सफर करतो" हे उत्तर पुरेसं नाही. आणि कोड खरा असला तरी कुणी वरून दुसरा चिकटवला नाही ना, हे दर रविवारी दार उघडणाऱ्यानं बघावं.

परदेशातल्या पैशाबाबत बहुतेक चुका भोळेपणानं होतात. अमेरिकन नागरिक असलेल्या स्नेह्यानं सेवेसाठी म्हणून पाळकांच्या वैयक्तिक खात्यात डॉलर पाठवले की एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) भंग झालाच. संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तिथून दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाहीत. "देवाचं काम आहे" म्हणून कायदा वेगळा होत नाही. आयकर सवलतीचंही तसंच: नोंदणी नसताना पावतीवर ८०जी छापणं म्हणजे देणाऱ्यालाही खोट्यात ओढणं.

ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला खर्च, हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड. छपरासाठी जमा केलेले पैसे उन्हाळ्यात पगाराला वापरले जातात आणि जूनमध्ये वेदीवर पाणी गळतं. योआशाच्या वेळी दुरुस्तीच्या पैशातून चांदीचे पेले आणि कर्णेसुद्धा केले नाहीत, हे २ राजेच्या त्याच १२व्या अध्यायात, १३व्या ओवीत मुद्दाम नोंदवलंय. खतावणीत छपराचं खातं वेगळं ठेवा, जमलं तर बँकेतही वेगळं. वळवायचेच झाले तर देणाऱ्यांना विचारून, ठराव करून, परत करायची तारीख घालून.

कापणीच्या सणाचा लिलाव हा आपल्याकडचा खास प्रकार, आणि तिथं प्रश्न खजिनदाराचा नसतो, आपल्या सगळ्यांचा असतो. निफाडकडची द्राक्षांची पेटी, घरची अंडी, गावठी कोंबडा, शेवयांची पाकिटं आवारात मांडलेली. बोलीच्या भरात एक लिंबू पाचशेला जातं, टाळ्या पडतात. लिहिणारा एखादा पोरगा वहीत लिहितो: "लिंबू – मामा – ५००". तीन आठवड्यांनी कोणते मामा ते कुणालाच आठवत नाही, मामांना तर मुळीच नाही. जाहीर झालेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम यांत मोठी तफावत पडते, आणि ती दरवर्षी पडते. सांगून स्वतःचं नुकसान झालं तरी शब्द न फिरवणारा, असं १५व्या स्तोत्रात प्रभूच्या डोंगरावर राहणाऱ्याचं वर्णन आहे. आणि नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असं उपदेशकाच्या ५व्या अध्यायात आहे. उपाय साधा: वहीत पाच रकाने, वस्तू, पूर्ण नाव, मोबाइल नंबर, रक्कम, मिळाले की बाकी. वस्तू हातात देताना सही घ्या. बाकी राहिली तर दोन वडीलजनांनी घरी जाऊन सांगावं. वेदीवरून नावं वाचू नयेत. काहींची ऐपत खरोखरच बदललेली असते, त्यांना मोकळं करायचा अधिकार कमिटीनं ठराव करून वापरावा.

पैशांइतकीच जपायची वस्तू म्हणजे नोंदवह्या. जूनच्या आधी पाळकांच्या दारात गर्दी होते: अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा, "नियमित सभासद" असं पत्र हवं. वर्षातून नाताळलाच दिसणाऱ्याला नियमित लिहून देणं ही सहज घडणारी खोटी साक्ष आहे. "अमुक तारखेला बाप्तिस्मा झाला, नोंद क्रमांक अमुक" एवढंच लिहा, तेवढं खरं असतं आणि बहुतेक वेळा पुरतं. मागची तारीख टाकून विवाहाची नोंद करून द्या, अशीही गळ घालतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. नोंद त्याच वेळी, वधूवरांच्या, विवाह लावणाऱ्याच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी होते. म्हणून वहीत दोन नोंदींच्या मध्ये रिकामी जागा कधीच सोडू नका. राहिलीच तर आडवी रेघ मारून सही करा. चुकलं तर खरडायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक रेघ, वर बरोबर शब्द, सही, तारीख.

जातीच्या दाखल्याबद्दल चर्चमध्ये बोलायचं टाळतात, म्हणून दोन शब्द. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच स्थान आहे. दलित ख्रिस्ती त्याबाहेर आहेत. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि त्याविरुद्ध उघडपणे लढा चालू आहे. २०२२ मध्ये या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी ख्रिस्ती बांधवांना ही अडचण नाही, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. पण रविवारी प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी प्रतिज्ञापत्रावर दुसरा धर्म लिहायचा, यात नोकरी टिकते आणि माणूस आतून कायमचा दबून राहतो. त्याला दोष देणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरची चूल बघून यावी. तरीही मंडळीनं अशा खोट्या कागदाला आपलं पत्र जोडू नये.

आणि घेतलेलं परत कसं करायचं? आधी रकमेचा आकडा कागदावर काढायचा, अंदाजे नाही. लेवीयच्या ६व्या अध्यायाप्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा: दहा हजार असतील तर बारा हजार. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं चौपट म्हटलं ते त्याच्या मनानं. ते दुसऱ्यावर लादू नये. पैसे ज्याचे त्यालाच द्यायचे, दानपेटीत टाकून मोकळं व्हायचं नाही. वेदीपाशी आठवण झाली तर दान तिथंच ठेवून आधी भावाकडे जा, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहेच. तो माणूस हयात नसेल तर जवळच्या नातलगाला, तोही नसेल तर परमेश्वराप्रीत्यर्थ याजकाला, असा क्रम गणनाच्या ५व्या अध्यायात दिलाय. मजुरीची बाकी असेल, छाटणीला आलेल्या बाईचे दोन दिवस असोत की घरकामवालीचा अर्धा महिना, तर एवढा विचारही नको. त्या दिवसाची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीय १९ सांगतं.

खजिनदारानं मंडळीचे पैसे वापरले असतील तर परतफेड चेकनं किंवा खात्यावर, रोख नको. रोजकीर्दीत नोंद खऱ्या नावानं करायची, "गुप्त दान" म्हणून नाही. त्यानं पद सोडायचं, मंडळी सोडायची नाही. आणि त्याला परत त्या टेबलाशी बसवायची घाई कुणी करू नये, त्यात त्याचंही भलं नाही. मागचे हिशोब बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्या. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदला. खजिनदार विश्वस्तही असेल, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची सूचना) दाखल करायचा असतो. तो राहून गेला की जुनंच नाव तिथल्या नोंदीत चालू राहतं आणि नव्या माणसाच्या सहीला बँक अडून बसते. त्यासाठी कमिटीच्या ठरावाची खरी प्रत, राजीनामा आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र त्याच दिवशी तयार करून ठेवा.